लक्ष्मीबाईंची चूल आणि देवाचा दरबार

नाशिकमध्ये शरणपूर रोडवरून आपण कितीदा तरी जातो. कधी दवाखान्यात, कधी खरेदीला, कधी मुलांना क्लासला सोडायला. पण ‘शरणपूर’ हे नाव कुठून आलं, हा विचार किती जणींच्या मनात येतो? शरण आलेल्यांचं गाव ते शरणपूर! 1850 च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकच्या वेशीबाहेर ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या तावडीतून समुद्रात सोडवलेली आफ्रिकन मुलंसुद्धा इथे आणून ठेवली जात. त्यांना लिहायला-वाचायला आणि हाताला एखादं काम शिकवलं जाई. डेव्हिड लिव्हिंग्स्टन या प्रसिद्ध प्रवाशाचा 1873 मध्ये आफ्रिकेत मृत्यू झाला, तेव्हा त्याचा देह शेकडो मैल चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांमध्ये जेकब वेनराइट हा नाशिकला शिकलेला तरुण होता. आहे की नाही नवल?

पण मैत्रिणींनो, वसाहत उभी राहणं वेगळं आणि तिच्यात जीव येणं वेगळं. जमीन मिळते, इमारत होते, शाळा निघते, पगारी माणसं नेमली जातात. तरीही एखादा समाज पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसून राहतो, आणि दुसरा मात्र गातो, लिहितो, चार माणसांना जवळ करतो, चळवळ होतो. हे कशाने घडतं? त्याचं उत्तर मला नाशिकजवळच्याच एका बाईच्या आयुष्यात सापडलं. त्या म्हणजे ‘स्मृतिचित्रे’कार लक्ष्मीबाई टिळक.

धुतलेलं धान्य

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा. गाव नाशिकजवळ गोदेच्या काठचं जलालपूर. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले, लाडाने मनू. घरात वडिलांचं सोवळं असं कडक, की बाहेरून आलेलं धान्यसुद्धा धुऊन वाळवल्याशिवाय घरात घ्यायचं नाही. कुणाची सावली पडली, कुणाचा पदर लागला, की पुन्हा आंघोळ! अशा घरातल्या बायकांचं काय होत असेल, ते आपण समजू शकतो. सोवळं पुरुषाच्या डोक्यात असतं, पण पाणी ओढायचं ते बायकांच्या हातांनी. पुढे लक्ष्मीबाईंनी हे सगळं लिहिलं, पण रडत-कुढत नाही, तर हसत. वडिलांवर राग न धरता त्यांच्या वेडाची गंमत सांगितली. ही हसण्याची ताकद त्यांना जन्मभर पुरली.

1880 मध्ये, बाराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचं लग्न नारायण वामन टिळकांशी झालं. टिळक मूळचे कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. आई गेल्यावर घर सोडून ते शिकण्यासाठी नाशिकला आले होते. संस्कृत उत्तम, कविता हातची, वाणी रसाळ. पण संसाराच्या बाबतीत मात्र आनंदच! आज इथे नोकरी, उद्या तिथे. खिशात पैसा आला की समोर येईल त्या गरजवंताच्या हातावर ठेवायचा. घरात चूल पेटणार कशी, हा प्रश्न बायकोचा.

लक्ष्मीबाईंना शाळा माहीत नव्हती. टिळकांनीच त्यांना घरी अक्षरओळख करून दिली. जोडाक्षरांशी तर त्यांचं कधीच जमलं नाही. पुढे मराठीतलं एक श्रेष्ठ आत्मचरित्र लिहिणाऱ्या बाईंना जोडाक्षरं नीट लिहिता येत नव्हती, हे ऐकून आपल्यातल्या कितीतरी जणींना धीर यावा. शिकले नाही म्हणून बोलायचं नाही, लिहायचं नाही, असं कुठे आहे?

मोडलेलं घर

1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत टिळकांची एका युरोपियन प्रवाशाशी गाठ पडली. त्याने त्यांना नवा करार वाचायला दिला. येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचून टिळक हलून गेले. दोन वर्षं मनात उलघाल चालली आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इकडे लक्ष्मीबाईंचं काय झालं? पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत आहे, पण समाजाच्या हिशेबी गेलेला. सौभाग्य आहे म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नाही. जो तो सांत्वनाला यायचा आणि जखमेवर मीठ चोळून जायचा. त्यांनी जवळपास पाच वर्षं अशी काढली. नातलगांच्या आधाराने, बराच काळ पंढरपूरला बहिणीच्या घरी. दुःख अनावर झालं की त्यांच्या तोंडून कविता येई. अक्षरांशी धड मैत्री नसलेल्या या बाईंची कविता अशी विरहातून फुटली.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. टिळक मोठेच होते, पण घरच्या बाईचा संसार ज्या निर्णयाने उलटापालटा होणार, तो निर्णय तिच्याशिवाय झाला होता. लक्ष्मीबाईंनी ही तक्रार लपवली नाही. आणि टिळकांचं मोठेपण असं, की त्यांनीही नंतर घाई केली नाही. पत्रं लिहीत राहिले, वाट पाहत राहिले, पण माझ्याकडे यायचं तर माझा धर्म घे, अशी अट घातली नाही.

अखेर लक्ष्मीबाई मुलाला घेऊन तेव्हाच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेल्या. पण कशा? आपलं सोवळं बरोबर घेऊन! स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, कुणाच्या हातचं खायचं नाही. नवरा ख्रिस्ती, बायको कर्मठ ब्राह्मण, असा तो संसार. टिळकांनी हेही चालवून घेतलं. बायकोचं मन आज्ञेने वळत नसतं, हे तोवर त्यांना कळलं असावं.

एका घोटाची गोष्ट

मग बदल झाला कसा? कुणी मोठं व्याख्यान देऊन नाही. लक्ष्मीबाईंच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहिला. माणसं देवाने निर्माण केली, मग त्यांच्यातल्या या जाती कुणी केल्या? देवाने केल्या असत्या, तर जनावरं जशी वेगवेगळी दिसतात तशी माणसंही दिसली असती. ज्या दिवशी हा विचार मनात पक्का झाला, त्या दिवशी त्यांनी ठरवलं, की आता कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. आणि ठरवलं ते केलं. ज्या घरात धान्यसुद्धा धुऊन घेत, त्या घरातल्या लेकीने दुसऱ्याच्या हातचा पाण्याचा घोट घेतला. आज आपल्याला हे किरकोळ वाटेल, पण त्या एका घोटासाठी तिला सगळं बालपण गिळावं लागलं.

लक्षात घ्या हं, आधी जात गेली, मग बाप्तिस्मा आला. 1900 मध्ये राहुरीला लक्ष्मीबाईंनी आणि दत्तूने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागून फरफटत गेलेली बायको म्हणून नव्हे, तर स्वतःच्या डोक्याने विचार करून गेलेली बाई म्हणून. मला वाटतं, कुठल्याही समाजाला जिवंत करणारी ही पहिली गोष्ट. माणूस आपल्या पायाने आत आला पाहिजे.

टाळ-मृदंग देवळातून देवळात

तेव्हाचा नगर भागातला ख्रिस्ती समाज कसा होता? अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत 1813 मध्ये आणि नगरला 1831 मध्ये काम सुरू केलं. शाळा काढल्या, 1842 पासून ‘ज्ञानोदय’ नावाचं नियतकालिक चालवलं. खेडोपाडी महार-मांग समाजातली माणसं मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाली. 1899-1900 च्या छप्पनच्या दुष्काळात तर अनाथ मुलांची रीघ लागली आणि मिशनच्या वसतिगृहांत पाय ठेवायला जागा उरली नाही.

संख्या वाढली, पण दोन अडचणी होत्या. एक म्हणजे सगळा कारभार मिशनच्या पैशावर आणि परदेशी पाद्र्यांच्या सल्ल्याने चाले. दुसरी अशी, की बरीचशी गाणी मराठी शब्दांची आणि परक्या चालींची. शेतात ओव्या-अभंग म्हणणाऱ्या बाईला त्या चाली घशाखाली कशा उतरायच्या? आसपासच्या लोकांना वाटे, ही माणसं आता आपली राहिली नाहीत. आणि त्या माणसांनाही कधीकधी तसंच वाटू लागे.

टिळकांच्या आधी कृष्णराव रत्नोजी सांगळे यांनी नगरच्या बाजूला ख्रिस्ती कीर्तनं सुरू केली होती. टिळकांनी ती वाट रुंद केली. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत. मग तो पूल मोडायचा कशाला? त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, साध्या चालींची पदं लिहिली. टाळ-मृदंगाच्या साथीने ती गाइली जाऊ लागली. आजही मराठी ख्रिस्ती मंडळींच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात टिळकांच्या रचनांचा वाटा फार मोठा आहे. ज्या बाईला वाचता येत नाही, तिलाही भजन पाठ होतं. जात्यावर, चुलीपाशी, बाळाला झोपवताना ती ते गुणगुणते. प्रवचन ऐकून माणूस घरी जातो, भजन मात्र माणसाबरोबर घरी येतं!

1904 मध्ये टिळकांना पाळकाची दीक्षा मिळाली, आणि 1912 पासून ते ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक झाले. पण टिळकांचं नाव घेताना त्यांच्यामागची चूल विसरून चालणार नाही.

घर हेच मंडळ

टिळकांच्या घराला दार होतं, पण कडी नव्हती असंच म्हणावं लागेल. निराधार मुलं, भटके कवी, धर्माविषयी वाद घालायला आलेले तरुण, कुणीही यावं आणि पान मांडून घ्यावं. टिळक घेऊन यायचे आणि लक्ष्मीबाई वाढायच्या. कधी वैतागायच्या, भांडायच्या, नवऱ्याला चार शब्द सुनवायच्या. पण ताट वाढायचं थांबलं नाही. ‘बालकवी’ म्हणून आपण ज्यांच्या कविता शाळेत पाठ केल्या, ते त्र्यंबक बापूजी ठोमरे याच घरात मुलासारखे राहिले. ते ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्याने कुणाचं काही बिघडलंही नाही. 1918 मध्ये बालकवी रेल्वेखाली सापडून गेले, तेव्हा या घरातला मुलगाच गेला.

नगरला प्लेग आला, माणसं घरंदारं सोडून पळू लागली. आपलेच आपल्यांना हात लावेनात. त्या काळात लक्ष्मीबाई आजाऱ्यांच्या सेवेला उभ्या राहिल्या. वसतिगृहातल्या ज्या मुलींना जायला घर नव्हतं, त्यांना टिळक दांपत्याने सांभाळलं. लहानपणी सावलीला भिणारी मनू आता प्लेगच्या रोग्याच्या उशाशी बसत होती. अशा वेळी लोक कोण कुठल्या धर्माचं हे पाहत नाहीत. कोण आलं आणि कोण नाही आलं, तेवढं लक्षात ठेवतात.

मी बचत गटांच्या आणि महिला मंडळाच्या कामानिमित्त गावोगाव फिरते. किती तरी गट धुमधडाक्यात सुरू झालेले आणि वर्षभरात बंद पडलेले पाहते. का बंद पडतात? अनुदान येतं तोवर बैठका होतात, अनुदान थांबलं की सतरंजी गुंडाळली जाते. आणि जो गट टिकतो, तिथे हमखास एखाद्या बाईचं घर सगळ्यांना उघडं असतं. कुणाच्या घरी आजारपण आलं, की डबा जातो. लक्ष्मीबाईंचं घर वाचताना मला हे गट आठवतात.

दरबार भरला आणि उठला

टिळकांना मिशनच्या पगाराचं जोखड जाचू लागलं होतं. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. साताऱ्याला त्यांनी आश्रम थाटला. ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे इथे एक कुटुंब. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेलेही. जात नाही, पंथ नाही, परदेशी शिक्का नाही. राहणी साधी, भजन-कीर्तन आपलं, खर्च लोकांनी आपणहून दिलेल्या मदतीवर. म्हणजे आधाराची काठी टाकून स्वतःच्या पायांवर उभं राहणारा समाज त्यांना हवा होता.

पण पगार सोडणं हे नवऱ्याला सोपं असतं, हे सांगायला का हवं? घरखर्चाचं ओझं पुन्हा लक्ष्मीबाईंच्याच डोक्यावर! त्यांनी कुरकूर केली असेल, पण पाय मागे घेतला नाही.

दरबार मात्र फार चालला नाही. 9 मे 1919 रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टिळकांचं निधन झालं आणि त्यांच्यामागे ती संस्था त्या रूपात उभी राहू शकली नाही. हे सांगताना वाईट वाटतं, पण झाकूनही उपयोग नाही. एका माणसाच्या तेजावर उभं राहिलेलं काम तो माणूस गेला की अंधारात जातं. चळवळ टिकायची तर दिवा एका हातातून दुसऱ्या हातात जायला हवा.

आणि तो दिवा गेला कुणाच्या हातात? ज्यांना जोडाक्षरं येत नव्हती, त्यांच्या!

एकटीचा प्रवास

टिळक गेले तेव्हा लक्ष्मीबाई पन्नाशीच्या होत्या. त्या काळी या वयाच्या विधवेने कोपऱ्यात बसायचं असे. लक्ष्मीबाई कोपऱ्यात बसल्या नाहीत. मुंबईत त्यांनी मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था पाहिली. मुलाच्या कुटुंबाबरोबर काही काळ दूर कराचीला राहिल्या. परका मुलूख, परकी भाषा, पण त्यांची विनोदबुद्धी बरोबर होतीच.

टिळकांनी येशूचं चरित्र ओवीबद्ध लिहायला घेतलं होतं, ‘ख्रिस्तायन’. सुरुवातीचे काही अध्याय झाले आणि ते गेले. राहिलेलं काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतलं. साठाहून अधिक अध्याय त्यांनी लिहिले! पंडित नवऱ्याचा अपुरा ग्रंथ शाळा न पाहिलेल्या बायकोने पुरा केला. तो 1938 मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला.

आणि ‘स्मृतिचित्रे’. मुलगा देवदत्त, म्हणजे दत्तू, याला वडिलांचं चरित्र लिहायला आठवणी हव्या होत्या. त्या निमित्ताने लक्ष्मीबाई आपल्या आठवणी सांगू-लिहू लागल्या. 1934 ते 1936 या काळात ‘स्मृतिचित्रे’ भागाभागाने प्रसिद्ध झाली आणि महाराष्ट्र चकित झाला. आपल्या घरात आजी बोलते तशी भाषा. नवऱ्यावर जीवापाड प्रेम, पण त्याच्या चुकांवर पांघरूण नाही. स्वतःची फजिती आधी सांगायची, मग दुसऱ्याची. आचार्य अत्र्यांसारख्यांनी हे पुस्तक डोक्यावर घेतलं. जोसेफिन इंक्स्टर यांनी केलेलं त्याचं इंग्रजी भाषांतर 1950 मध्ये आलं, तर शांता गोखले यांनी 2017 मध्ये ते पुन्हा नव्याने इंग्रजीत नेलं. विजया मेहता यांनी पडद्यावर आणलेल्या ‘स्मृतिचित्रे’तल्या सुहास जोशी आपल्यातल्या काही जणींना अजून आठवत असतील.

शेवटची वर्षं लक्ष्मीबाई नाशिकला होत्या. जिथून निघाल्या त्या गोदेच्याच काठी. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्यांचं निधन झालं. ‘स्मृतिचित्रे’चा शेवट देवदत्तांनी पुरा केला. नवऱ्याचं अपुरं काम बायकोने पूर्ण केलं, आईचं मुलाने. दिवा असा हातोहात गेला.

आपल्यासाठी काय?

आता पुन्हा शरणपूर रोडवर येऊ या. एखादा समाज कशाने जिवंत होतो? लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातून मला पाच गोष्टी दिसतात. माणसं दबावाने नव्हे, तर समजून-उमजून यावीत. प्रार्थना आणि गाणं आपल्या मातीच्या भाषेत असावं. एका ताटात जेवता यावं, वर-खाली कुणी नसावं. संकटात सगळ्यांसाठी धावून जावं, आपला-परका न बघता. आणि काम दुसऱ्याच्या पैशावर किंवा एकाच माणसाच्या नावावर उभं राहू नये, घरातल्या बाईलाही त्यात हक्काचा आवाज असावा.

हे फक्त चर्चला लागू आहे का? आपलं भजनी मंडळ, हळदीकुंकवाचा ग्रुप, बचत गट, गल्लीतलं उत्सव मंडळ, सगळ्यांना हे लागू पडतं. आपल्या मंडळात एखादी बाई अजून दाराबाहेर उभी असते. तिची जात, तिचं वैधव्य, तिची गरिबी, तिचं न शिकलेपण आडवं येतं. तिला आत बोलवायला पैसा लागत नाही, ठरावही लागत नाही. लक्ष्मीबाईंना एक पाण्याचा घोट पुरला होता.

पुढच्या बैठकीला कुणाच्या हातचा चहा आपण अजून प्यायलेलो नाही, याचा जरा विचार करू या. आणि तो चहा तिच्याच घरी जाऊन घेऊ या. काय म्हणता?